औषधाला साक्षीदार हवा

एका प्रतिष्ठित व्याख्यानमालेत एका नामवंत डॉक्टरांनी अलीकडे असे प्रतिपादन केले की, एचआयव्हीची औषधे सरकार विनामूल्य देत असताना जे रुग्ण ती अर्ध्यावर सोडतात त्यांच्यासाठी आणखी खर्च करणे हा सार्वजनिक द्रव्याचा अपव्यय आहे. फुकट मिळालेल्या वस्तूची माणसाला किंमत नसते, सबब या गोळ्यांना थोडे तरी मूल्य आकारावे, म्हणजे शिस्त आपोआप येईल. श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या. वक्त्यांच्या विद्वत्तेबद्दल मला आदर आहे. परंतु सुशिक्षितांच्या सभेत हे मत इतक्या सहज मान्य व्हावे, हे मला अत्यंत गंभीर वाटते.

मूल्य आकारण्याचा प्रयोग आपल्याकडे पूर्वीच होऊन गेलेला आहे. 1 एप्रिल 2004 रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासह देशातील मोजक्या सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार सुरू झाले, त्यापूर्वी ही औषधे विकतच घ्यावी लागत. त्या काळी माणसे दागिने मोडून, जमीन गहाण टाकून गोळ्या आणीत आणि पैसा संपला की गोळ्याही थांबत. किमतीने शिस्त येत असती तर तो काळ या रोगाच्या इतिहासातील सुवर्णकाळ ठरावयास हवा होता.

नियमितपणाचे महत्त्व मी कमी लेखीत नाही. सुरुवातीच्या वर्षांतील गोळ्या सकाळ-संध्याकाळ घ्याव्या लागत. महिन्याच्या साठ मात्रांपैकी तीनहून अधिक चुकल्या की नियमितपणा आवश्यक मानलेल्या पंचाण्णव टक्क्यांच्या खाली जाई. शिवाय औषधे एकाएकी थांबविली की नेव्हिरापीनसारखे औषध आपल्या सोबत्यांहून अधिक काळ रक्तात रेंगाळते, त्या एकट्या औषधाशी विषाणूची गाठ पडते आणि एखाद्याच उत्परिवर्तनाने तो त्याला कायमचे निकामी करतो. आजची डोल्युटेग्राव्हिरयुक्त, दिवसातून एकदा घ्यावयाची गोळी पुष्कळ अधिक क्षमाशील आहे, तरी तीही आयुष्यभर घ्यावयाची आहे. येथवर वक्त्यांचे आणि माझे मत एकच आहे. गोळी चुकते या घटनेवरून ते माणसाच्या चारित्र्यावर येतात, तेथे मात्र आमचे मार्ग वेगळे होतात.

ही उडी नवीनही नाही. 2001 साली, ज्या वर्षी सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षाचा पुरवठा 350 डॉलरना देऊ करून साऱ्या जगाचे हिशेब बदलून टाकले त्याच वर्षी, अमेरिकी सरकारच्या परदेश-साहाय्य खात्याचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस यांनी असा युक्तिवाद केला होता की आफ्रिकेतील पुष्कळ लोकांना घड्याळाची वेळ कळत नाही, त्यामुळे त्यांना अशी औषधे देऊन उपयोग नाही. पाचच वर्षांनी, 2006 मध्ये, दोन्ही खंडांतील अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष प्रसिद्ध झाला: औषध नियमित घेणाऱ्यांचे प्रमाण आफ्रिकेत 77 टक्के आणि उत्तर अमेरिकेत 55 टक्के. घड्याळे कोणाच्या मनगटावर अधिक होती हे सांगणे नलगे.

या सबंध वादात ज्यांचे ऋण मी सर्वाधिक मानतो ते डॉक्टर पॉल फार्मर 2022 साली रवांडात निवर्तले. हैतीच्या डोंगराळ भागातील कांज या गावी, धरणाने जमिनी बुडालेल्या विस्थापितांच्या वस्तीत, त्यांनी दवाखाना चालविला. तेथे एचआयव्हीच्याही आधी क्षयाच्या रुग्णांबाबत त्यांनी एक तुलना केली, आणि माझ्या मते वैद्यकशास्त्राच्या नैतिक इतिहासात तिला फार वरचे स्थान आहे. दोन्ही गटांना औषधे फुकटच मिळत होती. एका गटाला त्याशिवाय दरमहा थोडी रक्कम, पोषक अन्न, प्रवासखर्च आणि घरी येणारा आरोग्यसेवक यांची जोड होती. हा गट सगळाच्या सगळा बरा झाला. दुसऱ्यातले निम्म्याच्या आसपास. ज्यांना शिक्षण कमी, ज्यांचा विश्वास जंतूंपेक्षा जादूटोण्यावर, ते रुग्ण औषध सोडत असतील, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. फार्मर यांनी या समजुतींचीही विचारपूस केली. करणीमुळे रोग झाला असे मानणारा आणि जंतूमुळे झाला असे मानणारा, यांच्या बरे होण्यात तफावत आढळली नाही. ज्या श्रद्धेला आपण अडाणीपणा म्हणून दोष देतो ती अडसर नव्हतीच. अडसर होता भुकेचा, अंतराचा आणि एकटेपणाचा.

आपल्याकडे हा दाखला पडताळण्यासाठी हैतीला जाण्याची गरज नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या फडांवर जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि एक दिवस कामावर न गेल्यास मजुरी बुडतेच, वर खाड्याची रक्कम अंगावर चढते. अशा कोयत्यातील एकाने जिल्ह्याच्या एचआयव्ही-उपचार (एआरटी) केंद्रावर ठरल्या तारखेला हजर राहावयाचे तर त्या दिवसाची किंमत त्याने भरलेली असते. फुकट औषध त्याला कधीच फुकट पडलेले नाही. पाचटाच्या कोपीत कुलूप लावता येईल अशी जागा नसते. म्हणून बाटलीवरचे लेबल नखाने खरवडून काढलेले असते, गोळ्यांचा खुळखुळाट शेजारच्या कोपीत जाऊ नये म्हणून आत कापूस कोंबलेला असतो आणि गोळी घ्यावयाची ती पहाटे, इतर उठण्याच्या आधी, बहुधा रिकाम्या पोटी. एवढे सारे सांभाळणाऱ्या माणसाच्या नावापुढे दोन महिने गैरहजर राहिल्यावर दप्तरात जो शेरा पडतो, त्यात खाड्याचा किंवा कोपीचा उल्लेख नसतो.

पुरवठ्याची कसूर तर सरकारचीच. 2022 मध्ये तुटवडा पडल्याची, महिन्याऐवजी थोड्या दिवसांच्या गोळ्या हातावर ठेवल्या जात असल्याची फिर्याद घेऊन रुग्ण दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) कार्यालयापुढे कित्येक दिवस बसून होते. बेशिस्त म्हणून ज्यांची गणना होते ते आपले औषध नियमित मिळावे म्हणून धरणे धरतात, या घटनेचा विचार वक्त्यांनी केला असता तर बरे झाले असते.

असे असले तरी दारिद्र्य हटले की प्रश्न सुटेल, असे म्हणून येथे थांबणे मला आता प्रामाणिकपणाचे वाटत नाही. पगारदार, स्वतःचे घर असलेली, गाडीने केंद्रावर जाऊ शकणारी माणसेही औषध सोडतात. त्यांना भूक नाही, खाडा नाही. प्रकृती उत्तम असते, विषाणू चाचणीत सापडेनासा झालेला असतो, आणि आपण रुग्ण आहोत याची आठवण करून देणारी दिवसभरातील एकमेव वस्तू म्हणजे ती गोळी असते. कोपीतला मजूर आणि सदनिकेतला अधिकारी यांना जोडणारी गोष्ट मला एकच दिसते: दोघेही औषध चोरून घेतात. पाहुणे आले, प्रवास निघाला, लग्नघरी मुक्काम पडला, की गोळी चुकते. मधुमेहाचा रुग्ण पंगतीत बसून गोळी मागतो आणि घरातली चार माणसे त्याला तिची आठवण करून देतात. एचआयव्हीच्या रुग्णाला आठवण करून देणारे कोणी नसते, कारण कोणाला ठाऊकच नसते. आपली गोळी किती जणांसमोर निर्भयपणे गिळता येते, यावर नियमितपणा सर्वाधिक अवलंबून आहे, असे माझे मत आता बनले आहे. फार्मर यांच्या आरोग्यसेवकाकडेही मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो आहे. तो पैसे आणि अन्न तर आणीतच असे, पण रुग्णाचे रहस्य वाटून घेणारा शेजारीही तोच होता.

यावर, रहस्य उघडे पडण्याच्या धोक्याचा आक्षेप येईल, आणि तो भक्कम आहे. 2018 पासून अमलात असलेल्या 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने रुग्णाच्या संमतीवाचून त्याची अवस्था उघड करण्यास मनाई केली, ती शेकडो घरांतून बेदखल झालेल्या विधवांचा अनुभव पाहूनच केली. त्या कायद्याचे एकही कलम सैल होता कामा नये. रुग्णाने धाडस करून सर्वांना सांगावे, असा उपदेश करण्याचा अधिकार ज्याचे काहीच जाणार नाही त्याला नाही. म्हणूनच साक्षीदार रुग्णाने स्वतः निवडावा: बहीण, मैत्रीण, टोळीतलीच एखादी समदुःखी. ऊसतोडीच्या हंगामात दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची आणि कारखान्याजवळच्या केंद्रावर नोंद सुलभपणे बदलण्याची तजवीज प्रत्येक जिल्ह्यात व्हावी, प्रत्येक गैरहजेरीपुढे कारण लिहिले जावे, आणि रुग्णाने निवडलेल्या त्या साथीदाराला त्याच्या वेळेची मजुरी द्यावी. हैतीतल्या सोबत्यांना ती मिळत असे.