गैरसोयीचे नैतिक मूल्य : विकेंद्रित व्यवहाराचा एक विचार

एखाद्या व्यवस्थेचा वापर अवघड जातो, ही बाब सामान्यतः तंत्राच्या सदरात टाकली जाते. तंत्रज्ञाने ती दुरुस्त करावी आणि वापरणाऱ्याने तोवर सोसावी, अशी त्यामागची धारणा असते. परंतु काही गैरसोयी अशा असतात, की त्या दूर करू जाता व्यवस्थेचा हेतूच हरवतो. आणि काही अशा, की त्या हेतूच्या नावाखाली विनाकारण टिकून राहतात. या दोहोंत भेद कसा करावयाचा, हा तंत्राचा नव्हे, नीतीचा प्रश्न होय. विकेंद्रित समाजमाध्यमांनी तो आज नव्याने उपस्थित केला असला, तरी मराठी वाङ्मयव्यवहाराला तो अपरिचित नाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये अनेक भारतीय वापरकर्ते ट्विटर सोडून मॅस्टोडॉनकडे वळले. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केल्याचे निमित्त झाले. त्याच सुमारास ट्विटरच्या धोरणांत जातीय पक्षपात असल्याचा आरोपही दलित-बहुजन वापरकर्त्यांकडून होत होता. २०१६ मध्ये जर्मनीतील ऑयगेन रोश्को यांनी सुरू केलेल्या मॅस्टोडॉनला एक मालक नाही. स्वतंत्रपणे चालवले जाणारे अनेक सर्व्हर एका सामाईक संकेताने परस्परांशी बोलतात, एवढेच त्याचे ऐक्य. नव्याने आलेल्यांस मात्र उंबरठ्यावरच अडखळावे लागले. कोणत्या सर्व्हरवर खाते उघडावयाचे, हा पहिलाच प्रश्न उत्तर ठाऊक नसताना विचारला जाई. एकाच नावाच्या दोघांना गावावरून ओळखावे, तसे येथे नावाबरोबर सर्व्हरचेही नाव सांगावे लागते. एकाच टिपणाखाली एका सर्व्हरवर पाच प्रतिसाद दिसतात, तर दुसऱ्यावर दोन. सर्व्हर बदलला तर अनुयायी बरोबर येतात, जुने लेखन मागेच राहते. ती लाट लवकरच ओसरली.

यांतील प्रत्येक अडचण ही मूळ तत्त्वाची परिणती आहे, हे ध्यानात घ्यावयास हवे. प्रतिसाद अपुरे दिसतात, कारण सर्व काही एकाच वेळी दिसेल असे स्थानच या रचनेत नाही. सर्व्हर निवडावा लागतो, कारण वापरणाऱ्याच्या वतीने निवडणारा कोणी नाही. समीक्षेच्या अभ्यासकास विशेष वाटावी अशी बाब उद्धरणाची आहे. दुसऱ्याचे वचन उद्धृत करून त्यावर भाष्य करण्याची सोय मॅस्टोडॉनने अनेक वर्षे हेतुपुरस्सर दिली नाही. वचन संदर्भातून उचलून त्याची जाहीर टवाळी करण्यास ती सोय वापरली जाते, असा त्यामागील विचार होता. २०२५ मध्ये ती आली, तीही आपले वचन कोणी उद्धृत करावे हे ठरवण्याचा अधिकार मूळ लेखकाकडे ठेवून. संहिता एकदा प्रकट झाली की तिच्यावर लेखकाचा हक्क उरतो काय, हा वाङ्मयविचारातील जुना प्रश्न येथे एका कळीच्या असण्या-नसण्यात सामावला आहे.

मराठीत अशा व्यवहाराचे पूर्वरूप शोधावयाचे झाल्यास लघुअनियतकालिकांकडे जावे लागते. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर सायक्लोस्टाईल स्वरूपात निघालेल्या ‘शब्द’पासून साठोत्तरी काळातील ‘असो’, ‘येरू’, ‘वाचा’ यांच्यापर्यंतच्या या प्रयत्नांना एक संपादक नव्हता, एक पत्ता नव्हता, एक धोरणही नव्हते. अंक केव्हा निघेल हे निश्चित नसणे ही त्यांची उणीव. तिलाच त्यांनी आपल्या नावात स्थान दिले. ‘सत्यकथे’ची सोय याच्या नेमकी उलट होती. ठरल्या वेळी अंक, नेटकी छपाई, साक्षेपी संपादन आणि महाराष्ट्रभर पोहोचणारा वाचक. त्या सोयीचे मूल्य म्हणून लेखकाने एका अभिरुचीचा निवाडा मान्य करावयाचा असे. १९६९ मध्ये ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी करणाऱ्या तरुणांचा रोख एका मासिकापेक्षा त्या निवाड्याच्या एकाधिकारावर होता. विस्कळीतपणा पत्करून त्यांनी निवाड्याची अनेक ठिकाणे निर्माण केली.

यावरून गैरसोय हे स्वातंत्र्याचे मूल्य आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो अर्धाच खरा आहे. हे मूल्य कोण चुकवतो, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नसतो. अनियतकालिकाचा अंक दुकानात मिळत नसे. तो हातोहात फिरे. म्हणजेच, ज्याची ओळख त्याला अंक. राजा ढाले, नामदेव ढसाळ यांच्यासारखे लेखक या चळवळीच्या अग्रभागी होते हे खरे; परंतु ते मुंबईत होते. खेड्यातून लिहू पाहणाऱ्या तरुणाला ‘सत्यकथे’चे दार बंद वाटत असेल, पण ते दार कोठे आहे हे तरी त्याला ठाऊक होते. अनियतकालिकांना दारच नव्हते. नाकारणारा कोणी नसला, तरी आत येण्याची वाट सापडेलच असे नाही.

मॅस्टोडॉनवरही हेच घडले. २०२२ च्या अखेरीस ट्विटरची मालकी बदलल्यावर तेथे मोठी आवक झाली. आलेल्यांपैकी अनेक कृष्णवर्णीय वापरकर्त्यांनी वंशद्वेषाचे आपले अनुभव मांडले, तेव्हा ते मजकुरापुढे इशारा देऊन झाकून ठेवावेत, अशी समज त्यांना जुन्या रहिवाशांकडून मिळाली. हा नियम बहुतांशी लिहिलेला नव्हता; तो रिवाज होता. लिखित नियमाशी वाद घालता येतो, रिवाजाशी घालता येत नाही. केंद्र नाहीसे झाले म्हणजे सत्ता नाहीशी होते असे नव्हे. ती आधी आलेल्यांच्या सवयींत मुरते. मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगावयास नको. शिष्ट भाषेचा दंडक कोणत्या कायद्याने घातलेला नव्हता. तरीही दलित लेखनाला भाषेच्या ‘असभ्यते’बद्दल दीर्घकाळ उत्तरे द्यावी लागली.

या पार्श्वभूमीवर तत्कालीन औरंगाबादेतील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, ‘अस्मितादर्श’चे उदाहरण बोधप्रद ठरते. १९४८ पर्यंत निजामी राजवटीत असलेला मराठवाडा मुंबई-पुण्याच्या वाङ्मयीन वर्तुळांपासून दूर होता. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. त्यातून शिकून बाहेर पडणाऱ्या पहिल्या पिढीला लिहिण्यासारखे पुष्कळ होते, पाठवण्यासारखे ठिकाण नव्हते. साठच्या दशकाच्या अखेरीस गंगाधर पानतावणे (१९३७–२०१८) यांच्या संपादनाखाली उभे राहिलेले ‘अस्मितादर्श’ हे ते ठिकाण झाले. प्रस्थापित केंद्राला नकार देण्यात ते अनियतकालिकांच्या बरोबरीने होते. परंतु अनियमिततेला त्याने मूल्य मानले नाही. त्रैमासिक म्हणून ते दीर्घकाळ चालले, त्याला पत्ता होता, आणि त्याने गावोगावी लेखक-वाचक मेळावे भरवले. ‘लेखक-वाचक’ हा जोडशब्दच येथे अर्थपूर्ण आहे. प्रथमच वाचणारा आणि प्रथमच लिहिणारा ही बहुधा एकच व्यक्ती आहे, हे त्यात ओळखलेले होते.

‘अस्मितादर्श’ हेही एक केंद्रच झाले, असा आक्षेप यावर घेता येईल, आणि तो निराधार नाही. तथापि केंद्राची दोन रूपे येथे वेगळी करावयास हवीत. याच जिल्ह्यातील पैठण येथे एकनाथांनी १५८४ मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ची संशोधित प्रत सिद्ध केली. हस्तलिखितांची परंपरा ही विकेंद्रितच होती. प्रत्येक प्रतीबरोबर पाठ बदलत गेला होता आणि वाचकाला आपल्या हाती काय आले आहे याची खात्री उरली नव्हती. एकनाथांनी ती खात्री देण्याचे श्रम स्वतःकडे घेतले. ग्रंथ मात्र त्यांच्या मालकीचा झाला नाही. तो पुन्हा असंख्य हातांनी उतरवला गेला. श्रमांचे केंद्र आणि मालकीचे केंद्र या भिन्न गोष्टी होत. पहिले वाचकाचा भार हलका करते आणि त्याला जाऊ देते; दुसरे भार हलका करते तो वाचकाने जाऊ नये म्हणून. ट्विटरची सोय या दुसऱ्या जातीची होती.

मे २०२३ मध्ये मॅस्टोडॉनच्या अधिकृत ॲपने नवागताला एक ठरलेला सर्व्हर पुढे करावयास आरंभ केला. अन्य सर्व्हर निवडण्याची मुभा कायम ठेवली. तत्त्वनिष्ठांना त्यात केंद्रीकरणाचा शिरकाव दिसला. हे भय अनाठायी म्हणता येत नाही. बहुसंख्य लोक पुढे केलेलेच स्वीकारतात. परंतु विरोध करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी उंबरठा कधीच ओलांडलेला होता, हेही विसरता येत नाही. आत बसलेल्याला उंबरठा हे तत्त्व वाटते. बाहेर उभ्या असलेल्याला तो उंबरठाच वाटतो.

म्हणून गैरसोयीची कसोटी तिच्या प्रमाणात नसून ती कोणाच्या वाट्याला येते यात आहे. वापरणाऱ्याकडून निवड, विवेक आणि जबाबदारी मागणारी गैरसोय राखण्याजोगी आहे. उद्धरणापूर्वी संमतीचा विचार करावयास लावणारी अडचण त्या जातीची. ओळख, फुरसत आणि रिवाजांचे ज्ञान आधीच मागणारी गैरसोय मात्र, तिला स्वातंत्र्याचे कितीही मोठे नाव दिले तरी, पहारेकऱ्याचेच काम करते. ती दूर करणे हे ज्यांना ती जाचत नाही त्यांचे कर्तव्य ठरते. कारण ज्यांना जाचते ते तक्रार नोंदवण्यासाठी आत पोहोचलेलेच नसतात. मराठवाड्यातील एका त्रैमासिकाने हे कर्तव्य आपले मानले, तेव्हा त्याने केंद्राचा अधिकार न मागता केंद्राचे श्रम केले. विकेंद्रित माध्यमांचे मूल्यमापन करताना त्यांनी किती सत्ता मोडली याबरोबरच, मोडलेल्या सत्तेमागे उरलेले श्रम कोणी उचलले, हेही विचारावे लागेल.