लेकराचा कालही आपला



१९७९ साली पुण्यात जन्मलेली एक मुलगी ‘श्रीवत्स’ या बालसंस्थेत होती. हरेन आणि सू स्थळेकर हे परदेशात राहणारं जोडपं मुलगा दत्तक घ्यायला आलं होतं. त्यांनी या तान्हुलीला पाहिलं आणि तिलाच लेक मानलं. अमेरिका, केनिया आणि मग ऑस्ट्रेलिया असा त्या घराचा प्रवास झाला. वडिलांनी तिला क्रिकेटची गोडी लावली. तीच लिसा स्थळेकर पुढे ऑस्ट्रेलियाच्या संघातून खेळली. २०१३मध्ये मुंबईत विश्वचषक जिंकणाऱ्या संघातही ती होती.

तिच्या यशाइतकंच मला महत्त्वाचं वाटतं, ते तिला आपलं मूळ ठाऊक असणं. मोठेपणी ती ‘श्रीवत्स’मध्ये येऊन गेली.

परदेशी दत्तक गेलेलं मूल कधी ना कधी विचारू शकतं, ‘माझी पहिली आई कोण?’ हा प्रश्न पालकांच्या मायेवरचा अविश्वास नसतो. उत्तर ठाऊक असेल तेवढं खरं सांगावं. नसेल तर तेही सांगावं. कृष्णाच्या कथेत यशोदेला मान देताना आपण देवकीला विसरत नाही.

देशाबाहेरच्या दत्तकविधानाबाबतचा १९९३चा हेग करारही मुलासाठी आधी त्याच्याच देशात घर शोधायला सांगतो. कारण माती, भाषा आणि माणसं यांवर लेकराचा पहिला हक्क असतो. ते दूर गेलंच, तर हा हक्क जपणं नव्या आईबाबांचं कर्तव्य ठरतं. मूल स्वीकारायचं, तर त्याच्या भूतकाळासह स्वीकारूया.