हुकूम न देता

'मेडिव्हल टू: टोटल वॉर' हा 2006 सालचा संगणकावरचा खेळ. मोहीम सुरू होते 1080 मध्ये. इंग्लंड, व्हेनिस असं एखादं राज्य घ्यायचं आणि वाढवत न्यायचं. लढाया झकासच, पण माझा जीव सरदारांच्या स्वभावात अडकतो. कोण कसा निपजेल हे खेळणाऱ्याला निवडता येत नाही. कैदी सोडून दिले की सरदाराची दिलदारी वाढते, कापून काढले की दहशत. अशा गोष्टींचे गुण आत साठत राहतात, त्यात नशिबाचा फासाही असतो, आणि ठरावीक बेरीज भरली की सरदाराच्या नावाखाली एक बिरुद उमटतं.

कैदी सोडताना मला दया आलेली असते का? छे. दिलदार सरदाराच्या सैन्याचं मनोबल वाढतं, एवढाच हिशेब. ज्याची दहशत बसवायची आहे त्याचे कैदी मी बिनदिक्कत मारतो. खेळ हेतू विचारत नाही. ऑफिसात एखाद्याचं काम अंगावर घेतो तेव्हाही कळवळा थोडा आणि 'माणूस चांगला' हे ऐकायची हाव जास्त असते, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण समोरच्याचं अडलेलं सुटतं, म्हणून ते फारसं टोचत नाही.

टोचतं ते वेगळंच. एखाद्या सरदाराला शहरात नुसतं बसवून ठेवलं, खजिन्यात फ्लोरिन, म्हणजे खेळातले पैसे, साठत गेले आणि आपण दुसऱ्या आघाडीवर गुंतलो, की बऱ्याच फेऱ्यांनी पाहावं तर तो दारूडा नाहीतर लाचखाऊ झालेला. तसा हुकूम कुणी दिलेला नसतो.

मी रात्री स्वतःचा झाडा घेतो तेव्हा केलेल्याच गोष्टी आठवतात: कुणावर ओरडलो, कुठे थाप मारली. घरी काम करणाऱ्या मावशींचा पगार मात्र त्या यादीत कधीच येत नाही. तो वाढवायचा नाही असं मी ठरवलेलं नाही. विषय निघाला नाही, इतकंच. आणि तो न निघण्यात माझीच सोय आहे.

खेळात दिलदारी आणि दहशत ही एकाच काट्याची दोन टोकं आहेत. एकीकडे सरकलं की दुसरीकडचं कमी होतं. हे मला कधी पटलं नाही. क्रूसेडच्या काळात, 1187 मध्ये, हत्तीनच्या लढाईनंतर सुलतान सलादिनने हाती लागलेले टेंपलर आणि हॉस्पिटलर हे ख्रिस्ती धर्मयोद्धे मारवले. त्याच वर्षी जेरुसलेम घेतल्यावर कत्तल टाळली, खंडणी घेऊन लोकांना जाऊ दिलं. ज्यांच्यापाशी पैसे नव्हते त्यांतले हजारो गुलाम झाले. 1191 मध्ये एकर शहरापाशी सुमारे 2700 कैदी मारवणारा इंग्लंडचा राजा रिचर्ड तर आजही सिंहहृदयी म्हणून मिरवतो. यांचा काटा कुठे थांबवायचा? जेरुसलेममुळे हत्तीनचे मेलेले उठत नाहीत.

सलादिनला हे ठणकावून सांगताना मला माझीच वजाबाकी दिसली. मावशींच्या मुलीची कॉलेजची फी एकदा मी भरली होती. पगाराचा विचार मनात डोकावला की ती पावती मी पुढे करतो. फी भरली ती भरलीच, पण तिने पगारातला एक रुपयाही फिटत नाही. त्या स्वतःहून मागणार नाहीत हे मला माहीत आहे, आणि त्यांच्या न मागण्यावर मी पैसे वाचवतोय, हे कबूल करायला मला पार सलादिनपर्यंत जावं लागलं.