शिळा भात कुणाच्या ताटात?

भाईंदरहून उत्तनच्या वाटेला लागलं की मुर्धा, राई, मोरवा ही गावं ओळीनं येतात. मिठागरं आणि भातशेती यांवर इथल्या आगरी घरांच्या पिढ्या जगल्या. चिखलात उभं राहून ज्यांनी भात लावला, त्यांच्या घरात अन्न टाकणं पाप मानलं गेलं, यात नवल नाही. हा संस्कार मोलाचाच आहे. पण त्याच्या आडोशाला काही गैरसमजही राहतात.

‘उकळी आली की सगळं मरतं’ हा त्यातला पहिला. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवण्यातूनही तगतात. भात रात्रभर ओट्यावर राहिला, तर दमट हवेत हे जिवाणू वाढतात. त्यांचं उलटी घडवणारं विष 121 अंश सेल्सिअसलाही टिकतं. सकाळच्या फोडणीनं ते जात नाही. दुसरा गैरसमज म्हणजे ‘गरम अन्न फ्रीजमध्ये ठेवलं तर नासतं.’ म्हणून पातेलं निवत बाहेरच राहतं. खरं तर भात परातीत पसरून लवकर निववावा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा. खाताना लागेल तेवढाच काढून कडकडीत गरम करावा.

असे समज टिकतात, कारण दर वेळी त्रास होत नाही. झालाच तर ‘पित्त झालं’ म्हणून विषय संपतो.

पण मला अधिक बोचतं ते वेगळंच. हा भात खातं कोण? मुलाला ताजा, नवऱ्याला डब्यात ताजा, पाहुण्याला तर ताजाच. उरलेला घरातली बाई निमूट संपवते. अन्न वाया गेलं नाही याचं समाधान सगळ्यांचं, धोका मात्र तिच्या एकटीचा. याला आपण तिचा त्याग म्हणतो आणि मोकळे होतो.

तिला चुकीची ठरवून काही साधणार नाही. तिनं हे काटकसरीतून आणि मायेतून शिकलं आहे. जेवणाऱ्या प्रत्येकानं आपली भूक वेळेवर सांगावी, उरलेलं झाकून आत ठेवायला उठावं आणि एक नियम पाळावा: जे मुलाच्या ताटात वाढवत नाही, ते तिच्याही ताटात जाऊ नये. नीट राखलेलं उरलंसुरलं मात्र सगळ्यांनी वाटून खावं. अन्नाचा मान राखताना रांधणारीचा मानही राखला जायला हवा.