कबूल केलंस, आता लिहून दे

तू सत्तरी ओलांडलेला माणूस आहेस, नातवंडांचा आजोबा आहेस, हे मला ठाऊक आहे. तरी बोलणार आहे. तुला चार शब्द सुनावतील अशी माणसं आता फार उरली नाहीत, आणि जी आहेत ती भिडेपोटी गप्प बसतात. मी रविवारच्या शाळेत तुझी बाई होते. भीड मी तेव्हाही धरली नाही.

नाताळात नगरला आलास. उपासना संपल्यावर मंडळीपुढे उभं राहून जाहीर केलंस, की वडिलांचं घर मुलींच्या वसतिगृहासाठी मंडळीला देणार, आणि नेदरलँड्समधलं हार्लेमचं घर विकून जे येईल त्यातला मोठा वाटा प्रभूच्या कामाला. टाळ्या वाजल्या. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत तुझं नाव घेतलं. मागच्या खेपेलाही तू हेच बोलला होतास. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, मृत्युपत्र केलंस का? तर म्हणालास, "बाई, करायचंय, घाई काय आहे? मुलांना माहीत आहे माझ्या मनात काय आहे ते."

मुलांना माहीत नाही. मी तुझ्या मुलीला फोन करून विचारलं.

आणि समजा माहीत असतं, तरी तुझ्या मनात काय होतं हे नेदरलँड्सचा कायदा विचारणार नाही. तुझी बायको गेली, आता तू एकटा. मृत्युपत्र न करता गेलास तर तुझं सगळं दोन्ही मुलांना निम्मं निम्मं जाईल. मंडळीला, मिशनला, ज्या दवाखान्याचं नाव तू इतक्या मायेनं घेतोस त्याला, एक सेंटही जाणार नाही. मुलं वाईट आहेत म्हणून नव्हे. तू काही सांगितलंच नाहीस म्हणून.

वर तू म्हणालास, टेबलाच्या खणात सहीनिशी कागद लिहून ठेवलाय. तो कागद उघडून पाहायचीही गरज नाही. हातानं लिहिलेल्या, तारीख घालून सही केलेल्या कागदावर तिथे कपडे, दागिने, पुस्तकं, घरातल्या ठरावीक वस्तू एवढंच देता येतं. त्यानं तुझ्या बायकोच्या पाटल्या मुलीला मिळतील. घर मिळणार नाही, बँकेतला पैसा मिळणार नाही. त्यासाठी नोटारिसपुढे बसावं लागतं. तो मृत्युपत्र तयार करतो, त्याची नोंद मध्यवर्ती नोंदवहीत होते, आणि माणूस गेल्यावर कोणता कागद शेवटचा यावर वाद राहत नाही. आपल्याकडे साध्या कागदावर सही आणि दोन साक्षीदार पुरतात. नगरचा नियम डोक्यात धरून तू हार्लेमचं घर वाटायला बसलास. इतकी वर्षं तिथे राहिलास, कर भरलास, दर जानेवारीत चर्चच्या वर्गणीच्या मोहिमेत वर्षाचा आकडा न चुकता भरून दिलास. वर्षाच्या वर्गणीला एवढी शिस्त, आणि आयुष्यभराच्या कमाईला खणातला कागद?

तू ज्या गावात राहतोस त्या गावानं तरी तुला हे शिकवायला हवं होतं. स्पार्न नदीच्या काठावरून रोज फिरायला जातोस म्हणतोस. त्या काठावरचं टेलर म्युझियम कोणाच्या पैशातून उभं राहिलं? पीटर टेलर फान डर हुल्स्ट, रेशमाचा व्यापारी आणि सावकार, मेनोनाइट पंथाचा श्रद्धाळू माणूस, मूलबाळ नाही. १७५४ मध्ये बायको गेली. १७५६ मध्ये, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, त्यानं मृत्युपत्र केलं. त्यानंतर बावीस वर्षं जगला आणि १७७८ मध्ये गेला. त्या मृत्युपत्रात "चांगल्या कामाला द्या" असं मोघम नव्हतं. संपत्तीची संस्था करायची, ती पाच संचालकांनी चालवायची, आणि धर्मविद्या, विज्ञान, कला, गरिबांची सोय या कामांवर पैसा खर्च करायचा, असं ठरवून दिलेलं होतं. तो गेल्यावर सहा वर्षांत, १७८४ मध्ये, म्युझियमचं लंबवर्तुळाकार दालन उघडलं. १७८७ मध्ये त्याच्या नावाचं हॉफ्ये, म्हणजे गरीब वृद्ध बायकांना राहण्यासाठी अंगणाभोवतीची घरं, त्याच नदीकाठी उभं राहिलं. पुढे नोबेल मिळवलेले भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्ट्झ १९१२ मध्ये लायडनहून हार्लेमला आले, ते या टेलरच्याच संस्थेच्या प्रयोगशाळेचं काम पाहायला. ती संस्था आजही चालू आहे. रेशीम विकणाऱ्या एका माणसानं घाई नसताना सही केली म्हणून हे झालं. घाई नसते तेव्हाच सही करायची असते. डोकं ठिकाणावर असतं, हात थरथरत नसतो, आणि उद्या कोणी कोर्टात म्हणू शकत नाही की म्हाताऱ्याला भुलवून लिहून घेतलं.

त्याहून जुनं उदाहरण हवं असेल तर बाकेनेसच्या हॉफ्येच्या दाराशी उभा राहा. डिर्क फान बाकेनेस नावाच्या गृहस्थाच्या वारशातून १३९५ मध्ये ते सुरू झालं. किती बायकांची सोय करायची तो हिशेब दारावरच्या ओळीत आहे, आठ आणि दोनदा सहा, म्हणजे वीस. सहाशे वर्षांपूर्वीच्या माणसानं आकड्यानिशी सांगितलं. तुझा "मोठा वाटा" म्हणजे किती?

मुलांचं आधी बोलू. उद्या तुला वाटेल, सगळं चर्चला लिहून दिलं की झालं. तिथल्या कायद्यात मुलाला बापानं वगळलं तरी त्याच्या वारसाहक्काच्या निम्म्या किमतीएवढी रक्कम तो मागू शकतो, तू गेल्यापासून पाच वर्षांच्या आत. तुझी दोन मुलं. दोघांनी मागितलं तर मालमत्तेची निम्मी किंमत त्यांचीच. उरलेली निम्मी तू मनासारखी देऊ शकतोस, आणि ती काही थोडी नाही. पण हे न समजता "सगळं" लिहिलंस, तर तुझी अंत्यविधीची फुलं सुकायच्या आत तुझी मुलं आणि तुझं चर्च वकिलांच्या टेबलाच्या दोन बाजूंना बसतील. ज्या चर्चमध्ये तुझ्या मुलीचा बाप्तिस्मा झाला, त्याच चर्चकडून तिला पैसे मागावे लागतील. याला तू दान म्हणणार?

म्हणून मुलांना समोर बसव. आकडे सांग. का देतोस ते सांग. त्यांना राग आला तर तो तुझ्या डोळ्यांदेखत येऊ दे. उत्तर द्यायला तू असताना आलेला राग निवतो.

आता तुझ्या बहिणीचं, ताईचं. खरं तर यासाठीच लिहायला बसले.

नाताळ झाल्यावर मंडळीनं एक माणूस मोजमापं घ्यायला तुमच्या वडिलांच्या घरी पाठवला. चूक मंडळीची नाही, तू सर्वांसमोर घर दिलं होतंस. ताई पडवीत लसूण सोलत बसली होती. त्यानं फीत काढली, पडवी मोजली, मधली खोली मोजली, मागची न्हाणी मोजली आणि वहीत लिहून घेतलं. ताईनं विचारलं, कशासाठी? तो म्हणाला, वसतिगृहाचा नकाशा काढायचाय. ती काही बोलली नाही. त्याला चहा केला. आठवड्यानं माझ्याकडे आली ती प्लॅस्टिकच्या पिशवीत सिटी सर्व्हेचा उतारा घेऊन. त्यावर अजून तुझ्या वडिलांचंच नाव आहे. तुझं नाही, तिचंही नाही. ती मला एवढंच म्हणाली, "बाई, मी कुठे जायचं ते त्यानं ठरवलं असेल ना?"

वडील गेले तेव्हा त्यांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. आई त्यांच्या आधीच गेलेली. १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम आपल्याला लागू आहे, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. निम्मं घर ताईचं आहे. तू कर्तबगार झालास, परदेशी गेलास, म्हणून ते तुझं एकट्याचं झालं नाही. वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात बेडपॅन कोणी उचललं ते तुलाही माहीत आहे, पण तो हक्काचा आधार नव्हे. तिनं काहीच केलं नसतं तरी निम्मं तिचंच असतं. जे तुझं नाही ते तू देवाला वाहून टाकलंस, आणि टाळ्या घेतल्यास.

मार्कचा सातवा अध्याय रविवारच्या शाळेत मीच तुला शिकवला होता. आईबापांच्या वाट्याचं ते देवाला अर्पण केलं, असं सांगून हात झटकणाऱ्यांना येशूनं कसं सुनावलं ते काढून वाच. मला पाठ म्हणून दाखवू नकोस. ताईला डोळ्यांसमोर ठेवून वाच.

वाट नाही असं नाही. उताऱ्यावर दोघांची वारस नोंद करून घे. मग तुझ्या निम्म्या हिश्शापुरतं इथलं मृत्युपत्र कर आणि त्यात लिही, की ताई हयात आहे तोवर तिनं त्या घरात राहावं, तिच्यानंतर तुझा हिस्सा मंडळीला जावा. तिचा निम्मा ती कोणाला देईल तो तिचा प्रश्न, तू त्यात तोंड घालायचं नाही. आणि नुसतं "मंडळीला" लिहू नकोस. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या ज्या ट्रस्टच्या नावे मंडळीची मालमत्ता आहे, त्या ट्रस्टचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक लिही. तिकडेही तेच. तिथल्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये स्थानिक मंडळी आणि तिचं गरिबांच्या मदतीचं डिआकोनी या कायद्यानं दोन वेगळ्या संस्था आहेत. "चर्चला" असं लिहिलंस की कोणत्या, हे ठरवायला तू नसशील.

तिथल्या नोटारिसला हेही सांग, की भारतात तुझं वेगळं मृत्युपत्र आहे. ते सांगितलं नाहीस तर नव्या कागदात "आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द" हे नेहमीचं वाक्य येईल, आणि ताईसाठी केलेली सगळी सोय त्या एका ओळीनं जाईल.

दवाखान्याला तिकडून पैसे पाठवायचे म्हणतोस. तू आता डच नागरिक आहेस, तुझा पैसा आपल्या सरकारच्या लेखी परकीय देणगी आहे. २०१० च्या परकीय देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला तो घेता येत नाही, आणि नोंदणी असली तरी २०२० च्या दुरुस्तीपासून तो दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावा लागतो. तू त्या दवाखान्याला विचारलंस का, तुमची नोंदणी आज चालू आहे का? आणि तिथल्या कर खात्यानं आन्बी, म्हणजे लोकहिताची संस्था, म्हणून मान्य केलेल्या संस्थेला वारशावर कर नाही. मान्यता नसलेली परकी संस्था मात्र तिऱ्हाइतासारखी, तिच्या वाट्यावर ३० टक्के आणि मोठ्या रकमेवर ४० टक्के कर. रुग्णांसाठी ठेवलेल्या पैशातला तिसरा हिस्सा तुझ्या आळसापायी सरकारजमा होईल. तिथली मान्यता असलेली एखादी मिशन संस्था हे काम तुझ्या वतीनं करू शकते का ते विचार. विचारायला पैसे पडत नाहीत.

मला सर्वांत जास्त राग कशाचा येतो सांगते. आपल्या लोकांना मृत्युपत्रानं दान करायचा हा हक्क फुकट मिळालेला नाही. त्याच १९२५ च्या कायद्यात ११८ वं कलम होतं. पुतण्या, भाचा किंवा त्याहून जवळचा कोणी नातलग असला, तर ख्रिस्ती माणसाला धर्मादायासाठी मृत्युपत्रानं काही देता येत नसे. मृत्यूच्या किमान बारा महिने आधी मृत्युपत्र केलेलं आणि केल्यापासून सहा महिन्यांत कायद्यानं ठरवलेल्या सुरक्षित जागी ठेवलेलं असलं, तरच. मरायला टेकलेल्याकडून पाद्र्यांनी लिहून घेऊ नये, ही जुनी इंग्रजी धास्ती. हिंदूंना ही अट नव्हती. जॉन वल्लमट्टम नावाचे केरळचे धर्मगुरू सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००३ च्या जुलैमध्ये ते कलम रद्द झालं. तोवर आपल्यातल्या कितीतरी जणांची इच्छा बारा महिन्यांच्या हिशेबात अडकून मेली असेल. तुला ती अडचण नाही. तुला फक्त उठून जायचंय, आणि तू जात नाहीस.

सगळं नीट लिहिलंस तरी एक भोक राहतं, तेही बुजव. पंडिता रमाबाईंनी १९२० मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनची धुरा आपल्या मुलीकडे, मनोरमाबाईंकडे द्यायचं ठरवलं. १९२१ मध्ये मनोरमाबाईच गेल्या, आणि काही महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाई गेल्या. केडगावचं काम तरीही थांबलं नाही, कारण ते कोण्या एकाच्या श्वासावर टांगलेलं नव्हतं. तू मृत्युपत्राचा कारभारी म्हणून मुलाला नेमशील. त्याच्यामागे दुसरं नावही लिही. ज्या संस्थेला देतोस ती उद्या बंद पडली तर कोणाला, तेही लिही. आणि मरणाआधी स्मृती गेली तर तुझ्या वतीनं सही कोणी करायची, याचं वेगळं अधिकारपत्र त्याच बैठकीत करून घे. दर वर्षीची देणगी तेव्हाही चालू राहावी असं वाटत असेल तर तसं त्यात स्पष्ट लिहावं लागतं.

नोटारिसकडे जायच्या आधी ताईला फोन कर. मंडळीला पत्र पाठव, की घराबद्दल मी बोललो ते अर्धवट होतं, अर्धं घर माझ्या बहिणीचं आहे. सर्वांसमोर बोललास, तेव्हा हेही सर्वांसमोर वाचलं जाऊ दे. पाळकसाहेबांशी मी बोलले आहे, येत्या रविवारी ते वाचायला तयार आहेत.

मृत्युपत्रात कोणाला काय दिलंस ते मला कळवू नकोस, तो माझा विषय नाही. सही कोणत्या तारखेला केलीस तेवढं कळव.