फासा पडत नाही तिथे

खेळ आणि बंधन यांचे नाते कोणते, हा प्रश्न भारतीय तत्त्वचिंतनात लीलेच्या विचारातून आणि पाश्चात्त्य विचारात खेळाच्या मीमांसेतून पुढे आला. परंतु दोन्ही ठिकाणी खेळणाऱ्याच्या पायांखाली जमीन आहे, ही गोष्ट कोणी न सांगताच धरून चालण्यात आली होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माणसे पृथ्वीभोवतीच्या कक्षेत दिवसच्या दिवस राहू लागली आणि तिथे कोणती खेळणी चालतील, कोणते खेळ नव्याने घडवावे लागतील याचा विचार सुरू झाला, तेव्हा ते गृहीतक प्रथमच प्रत्यक्ष तपासता आले. त्यामुळे अंतराळवीरांच्या खेळण्यांचा प्रश्न करमणुकीपुरता राहत नाही. मोकळेपणा म्हणजे अडवणारे काहीच नसणे की अडवणारे काहीतरी आपणहून पत्करणे, या जुन्या वादाला त्यातून एक नवी कसोटी मिळते.

या कसोटीचे स्वरूप समजण्यासाठी आधी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे 400 किलोमीटर उंचीवर फिरते, आणि तिथेही पृथ्वीची ओढ जमिनीवरील ओढीच्या जवळजवळ नऊ दशांश इतकी असते. तरीही तिथे वस्तू तरंगतात, याचे कारण ताशी सुमारे 28,000 किलोमीटर वेगाने जाणारे ते स्थानक, त्यातील माणसे आणि त्यांच्या हातातील वस्तू ही सर्व एकत्रच पृथ्वीकडे अखंड पडत असतात, आणि पुढे जाण्याच्या वेगामुळे त्यांचे पडणे पृथ्वीला वळसा घालत राहते. सगळेच पडत असल्याने कोणतीही वस्तू दुसरीच्या तुलनेत पडताना दिसत नाही. या स्थितीला सूक्ष्मगुरुत्व म्हणतात. चंद्राची गोष्ट निराळी आहे. तिथे ओढ पृथ्वीच्या एक षष्ठांश असली तरी पायांखाली जमीन आहे, आणि वर फेकलेली वस्तू उशिरा का होईना, खाली येते. याचा अर्थ असा, की कक्षेतील माणसाला ज्याची उणीव भासते ती ओढ नव्हे, तर ओढीला सामोरा उभा राहणारा आधार होय.

आधार नाहीसा झाला की खेळण्यांचे काय होते, हे 1985 च्या एप्रिल महिन्यात ‘डिस्कव्हरी’ यानाच्या उड्डाणात शिक्षणाच्या हेतूने मुद्दाम पाहण्यात आले. ह्यूस्टन येथील निसर्गविज्ञान संग्रहालयातील कॅरोलिन समनर्स यांच्या कल्पनेतून साकारलेल्या त्या उपक्रमात बाजारात सहज मिळणारी खेळणी यानात नेण्यात आली होती. पायऱ्यांवरून आपोआप उतरत जाणारी स्प्रिंग तिथे उतरू शकली नाही, कारण उतरणे हाच शब्द तिथे अर्थ गमावून बसला होता. मात्र तिच्या वेटोळ्यांतून जाणाऱ्या लाटा निर्वेधपणे पाहता आल्या. यो-यो अतिशय संथपणे सोडता येत होता आणि तरीही परत येत होता, परंतु दोरीच्या टोकाशी फिरत थांबून राहण्याची जमिनीवरची त्याची करामत तिथे साधत नव्हती, कारण त्याला टोकाशी धरून ठेवणारे वजनच उरले नव्हते. महाराष्ट्रात सागरगोटे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या खेळल्या जाणाऱ्या खेळाचे, चेंडू घेऊन खेळले जाणारे पाश्चात्त्य भावंडही त्यात होते. सोडलेला चेंडू खाली जात नाही, मांडलेले गोटे मांडल्या जागी राहत नाहीत, आणि ते गोळा करण्यासाठी हात झेपावला की त्या हालचालीने खेळणारा स्वतःच जागचा हलतो, असा अनुभव त्या खेळाने दिला.

सागरगोट्यांचा खेळ इतका का बदलला याचा विचार केला, तर खेळातील नियम दोन प्रकारचे असतात हे ध्यानात येते. काही नियम संमतीने ठरतात, म्हणजे खेळणारे ते मान्य करतात म्हणूनच ते असतात. तर काही नियम निसर्ग पुरवतो, आणि ते इतके अंगवळणी पडलेले असतात की त्यांना नियम म्हणण्याचे सुचतही नाही. बुद्धिबळ जवळजवळ पूर्णपणे पहिल्या प्रकारच्या नियमांवर उभे आहे. 1970 च्या जून महिन्यात ‘सोयूझ 9’ यानातील आंद्रियान निकोलायेव्ह आणि विताली सेवास्त्यानोव्ह यांनी जमिनीवरील सहकाऱ्यांशी बुद्धिबळाचा डाव मांडला, तेव्हा मोहरी तरंगू नयेत म्हणून ती खाचांत बसतील असा खास पट घडवावा लागला. परंतु घोड्याच्या अडीच घरांना त्याने काहीच बाध आला नाही, आणि डाव बरोबरीत सुटला. सागरगोट्यांत मात्र वर उडवलेला गोटा किती वेळात खाली येईल, हे निसर्ग ठरवतो, आणि तेवढ्या वेळात बाकीचे गोटे उचलणे हेच त्या खेळाचे कौशल्य असते. हाताचे म्हणून ज्याचे कौतुक होत आले, त्यातला मोठा वाटा जमिनीचा होता, हे जमीन सुटल्यावरच कळते.

फाशांच्या खेळात हा प्रश्न अधिक खोल जातो. फ्रेंच विचारवंत रोजे कायवा यांनी 1958 मध्ये खेळांचे चार वर्ग सांगितले: स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. यांपैकी भोवळीचा आनंद, म्हणजे तोल सुटण्यातली मौज, कक्षेत न मागताच मिळतो. दैव मात्र तिथे अवघड होऊन बसते. मराठीत फासे पडतात, दान पडते, कवड्या पालथ्या पडतात. दैवाचा कौल सांगणारी ही सारी भाषा पडण्याच्या क्रियेवर आधारलेली आहे. सूक्ष्मगुरुत्वात फेकलेला फासा भिंतीभिंतींवर आपटत फिरत राहतो आणि त्याची कोणती बाजू वर आली हे विचारताच येत नाही, कारण ‘वर’ या शब्दालाच तिथे आधार नसतो. ज्याची परंपरा ज्ञानेश्वरांशी जोडली जाते, तो मोक्षपट तिथे मांडला, तर शिड्या आणि साप जागच्या जागी राहतील, पण पहिले दानच पडणार नाही. फासा हाताने थांबवावा, तर दैवाच्या जागी इच्छा येऊन बसते. एका भिंतीला फासा धरून ठेवणारा लेप असलेली पारदर्शक डबी करता येईल. परंतु जमिनीवर जी निःपक्षपाती गोष्ट फुकट मिळत होती, ती तिथे घडवून घ्यावी लागेल. फेकणाऱ्याचा हात आणि पडलेले दान यांच्यामध्ये जमीन तटस्थ साक्षीदारासारखी उभी होती, आणि तिच्या भरवशावरच हरणारा आपली हार मान्य करत होता.

इमॅन्युएल कान्ट यांनी आपल्या ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, हवेचा अडथळा जाणवणाऱ्या कबुतराला निर्वात पोकळीत आपण अधिक सहज उडू असे वाटू शकेल, असा दाखला दिला आहे. ज्या हवेशी पंख झुंजतात तिच्यावरच ते तोललेले असतात, हे त्या कबुतराला ठाऊक नसते. खेळाविषयी हेच तत्त्व तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी 1978 मध्ये निराळ्या वाटेने मांडले: खेळणे म्हणजे मुळात अनावश्यक असलेले अडथळे स्वेच्छेने पत्करून ते ओलांडण्याचा प्रयत्न करणे होय. चेंडू खळग्यात हाताने ठेवणे सर्वांत सोपे असताना गोल्फ खेळणारा लांब काठीने तो तिथे पोहोचवू पाहतो, आणि ती सोपी वाट सोडण्यातच त्याचा खेळ असतो. 1971 च्या फेब्रुवारीत अंतराळवीर ॲलन शेपर्ड यांनी चंद्रावर, अवजड पोशाखामुळे दोन्ही हातांनी काठी धरता येत नसताना, एका हाताने चेंडू टोलवले, तेव्हा या व्याख्येचे याहून नेमके उदाहरण सापडू नये असे ते दृश्य होते.

भारतीय परंपरेत हाच प्रश्न ईश्वराच्या संदर्भात विचारला गेला. कृती नेहमी काही प्रयोजनाने होते आणि ज्याच्या सर्व कामना पूर्ण झालेल्या आहेत त्याला प्रयोजन उरत नाही. मग पूर्णकाम ईश्वराने जग का निर्माण करावे, असा आक्षेप ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात उपस्थित होतो, आणि ही केवळ लीला आहे असे त्याचे उत्तर दिले जाते. शंकराचार्य त्यावरील भाष्यात, ज्याला काही मिळवायचे उरलेले नाही अशा राजाच्या क्रीडेचा आणि सहज चालणाऱ्या श्वासोच्छ्वासाचा दृष्टान्त देतात. या उत्तरात प्रयोजनाचा अभाव स्पष्ट होतो, पण अडथळ्याचा प्रश्न उरतो: जे एकमेव आहे, ते कोणाशी खेळणार? बृहदारण्यक उपनिषद सांगते की एकट्याला रमता आले नाही आणि त्याने दुसऱ्याची इच्छा केली. ज्ञानेश्वरांचा ‘अमृतानुभव’ तर शिव आणि शक्ती यांच्या एकच असून दोन होण्याच्या वर्णनानेच उघडतो, आणि जग हे चैतन्याचा विलास आहे असे मानतो. या दृष्टीने पाहता दुसरेपण हा पूर्णतेचा ऱ्हास ठरत नाही. पूर्णाने स्वतःसमोर उभा केलेला तो आधार आहे, ज्याच्यावाचून खेळ सुरूच होऊ शकत नाही.

परंतु येथे एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. खेळातील अडथळा आपण निवडतो. जन्म, रोग, दारिद्र्य आणि मृत्यू मात्र कोणी निवडत नाही, आणि दुःखी माणसाला हे सर्व लीला आहे असे सांगणे निष्ठुरपणाचे आहे. ब्रह्मसूत्रकारांना याची जाणीव होती, म्हणूनच लीलेच्या सूत्रानंतर लगेचच ईश्वरावरील विषमतेचा आणि निर्दयतेचा आरोप विचारात घेतला जातो आणि त्याचे उत्तर जीवांच्या कर्मात शोधले जाते. ते उत्तर पटो वा न पटो, लीलेच्या विचाराची मर्यादा तिथे मान्य झालेली आहे: बंधन आपले झाल्यावाचून ते खेळ होत नाही, आणि दुसऱ्याचे बंधन खेळ आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

बंधन आपले कसे होते, याचे उदाहरण अंतराळवीरांचे शरीरच देते. भार नाहीसा झाला की हाडे झिजू लागतात, आणि नितंबाच्या हाडाची घनता दरमहा सुमारे एक ते दीड टक्क्याने घटू शकते. म्हणून अंतराळवीर रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात आणि धावपट्टीवर धावताना खांद्या-कमरेला ताणलेले पट्टे बांधून स्वतःला खाली ओढून घेतात. जमिनीवर जो भार जन्मापासून न विचारता लादलेला होता, तोच तिथे रोज हाताने बांधून घ्यावा लागतो, आणि बांधून घेतल्यामुळे त्याचा अर्थ बदलतो.

खेळणी घडवणाऱ्याला यातून दोन गोष्टी शिकता येतात. पृथ्वीवरचा खेळ खिळे-पट्ट्यांनी बांधून वर नेणे हा मार्ग अपुरा आहे. तिथे खेळणाऱ्यांनी कशाला बांधून घ्यायचे हे आधी ठरवावे, मग ती दुसऱ्या खेळाडूची ताणलेली दोरी असो, हवेचा मंद विरोध असो वा ढकलले की स्वतःही मागे सरकावे लागते हा नियम असो. दुसरी गोष्ट प्रयोजनाची. मन ताजे राहावे, माणसे एकमेकांवर वैतागू नयेत असे हेतू घडवणाऱ्याचे असू शकतात आणि ते योग्यही आहेत, पण खेळणाऱ्याने तेच मनात धरले तर खेळाचा व्यायाम होतो. हेतू घडवण्यात असावा आणि खेळण्यात विरघळून जावा, ही खेळणी घडवणाऱ्याची खरी परीक्षा आहे.

2013 मध्ये अंतराळवीर कॅरन नायबर्ग यांनी अंतराळ स्थानकातील अन्नाच्या डब्यांचे अस्तर आणि जुन्या कपड्याचे तुकडे वापरून आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी एक लहानसा डायनासोर शिवला. जिथे काहीच खाली पडत नाही अशा ठिकाणी शिवलेले ते खेळणे, जिथे सर्व काही पडते अशा घरासाठी होते. पाळण्यातले मूल हातातली वस्तू खाली टाकते, कोणीतरी ती उचलून देते, आणि ते पुन्हा टाकते. माणसाचा पहिला खेळ बहुधा हाच असतो. त्या खेळात मूल मोकळेपणा शोधत नसते. जमीन अजून जागेवर आहे आणि उचलून देणारे कोणी अजून जवळ आहे, याची ते पुन्हा पुन्हा खात्री करून घेत असते, आणि त्या खात्रीच्या बळावरच त्याचे हसू मोकळे होते.