ड्रिलचा पत्ता

ड्रिल हा रॅपचा प्रकार म्हटलं की आधी बंदूक आठवते, गाणं नंतर. शिकागोच्या साउथ साइडपुरतं ते खोटंही नव्हतं. २०१२मध्ये चीफ कीफ हा सोळा वर्षांचा मुलगा आजीच्या घरी नजरकैदेत होता. घरातच मित्रांना जमवून केलेले त्याचे व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिले, कान्ये वेस्टने त्याच्या गाण्याचं रिमिक्स केलं आणि बड्या रेकॉर्ड कंपनीने करारही केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, त्याच्या गटाला गाण्यातून डिवचणारा लिल जोजो अठराव्या वर्षी गोळीबारात मारला गेला. गाण्यातलं वैर रस्त्यावर येतं, ही समजूत तिथे पक्की झाली, आणि ती उगाच झाली नाही.

लंडनच्या ब्रिक्स्टनमधल्या मुलांनी हाच बाज उचलला, पण तसाच ठेवला नाही. ग्राइम या लंडनच्याच रॅपशैलीच्या तालमीत तयार झालेल्या कानांनी लय बदलली. खालचा बास एका सुरावरून दुसऱ्यावर घसरू लागला, आपल्याकडच्या मींडेसारखा. तोंडावर मुखवटे आले. पोलीसही बदलले: ते गाणी ऐकू लागले, पण पुरावा म्हणून. २०१८मध्ये १०११ या गटाला पोलिसांना कळवल्याशिवाय गाणी प्रसिद्ध करायला न्यायालयाने मनाई केली. पुढच्या वर्षी स्केंग्डो आणि एएम या जोडीला एक गाणं मंचावर गायल्याबद्दल नऊ महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. गाण्यासाठी! कवितेतला ‘मी’ म्हणजे कवी नव्हे, हे आपण शाळेत शिकतो. या मुलांना ती सवलत मिळाली नाही.

मग लंडनचा ठेका उलट अमेरिकेत गेला. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या पॉप स्मोक या रॅपरने यूट्यूबवर ८०८मेलो या लंडनच्या निर्मात्याचे ठेके शोधले आणि २०१९मध्ये ‘वेलकम टू द पार्टी’ हे त्याचं गाणं आलं. फेब्रुवारी २०२०मध्ये लॉस एंजेलिसमध्ये त्याची हत्या झाली, तेव्हा तो वीस वर्षांचा होता.

मला सगळ्यात बोलकं वाटतं ते घानामधलं कुमासी. २०२०मध्ये तिथल्या यॉ टॉग या शाळकरी मुलाचं ‘सोरे’ हे ड्रिल गाणं गाजलं. २०२१च्या रिमिक्समध्ये लंडनचा रॅपर स्टॉर्मझी आला. ठेका लंडनचा, भाषा त्वी, गावाला लाडाने दिलेलं नाव ‘कुमेरिका’. मुलं शिकागोचाच तोरा मिरवतात, पण शिकागोसारखं टोळीयुद्ध त्या शहरात नव्हतं. गाण्यांत पैशाची ओढाताण, दोस्ती आणि वर येण्याची धडपड.

म्हणजे या संगीताबरोबर फिरला तो ठेका, आणि आपल्या वस्तीचं नाव बेधडक घेण्याची सवय. हिंसा ज्या त्या शहराची होती. न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर एरिक ॲडम्स यांनी २०२२मध्ये ड्रिलचे व्हिडिओ समाजमाध्यमांवरून हटवण्याची भाषा केली. गाण्यालाच गुन्ह्याचं मूळ ठरवणाऱ्यांनी आधी कुमासीचं उत्तर द्यावं.